अपत्यप्राप्तीचा आहार-विहार : पत्नीइतकाच पतीचाही

वंध्यत्वाच्या चिकित्सेविषयी आपल्या व्यावसायिक नियतकालिकांतून आजवर पुष्कळ लेखन झाले आहे. फलघृत, उत्तरबस्ती, शतावरी, अश्वगंधा यांच्या अनुभवांची आपल्याकडे वाण नाही. प्रस्तुत लेखात मात्र औषधाच्या आधी येणाऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे दांपत्याच्या रोजच्या जेवणाविषयी आणि जगण्याविषयी लिहावयाचे आहे. आरंभ माझ्याच एका चुकीपासून करणे मला उचित वाटते.

सुमारे दहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील माझ्या चिकित्सालयात एक ३४ वर्षांची स्त्री सासूबाईंबरोबर आली. विवाहाला सहा वर्षे झाली होती. पाळी नियमित, प्रकृती वातप्रधान, अग्नी मंद, शरीर कृश. मी तिचा आहार विचारला, पथ्य लिहून दिले आणि दीपन-पाचन, अनुवासन बस्ती, फलघृत अशा क्रमाने उपचार चालू केले. अन्न अंगी लागू लागले, वजन तीन किलोंनी वाढले, चेहऱ्यावर तजेला आला. गर्भ मात्र राहिला नाही. 'आणखी एक महिना पाहू' असे म्हणता म्हणता पंधरा महिने गेले. या काळात तिचा पती एकदाही माझ्यासमोर बसला नाही आणि मीही त्याला बोलावले नाही. 'त्याला काही नाही, तो धडधाकट आहे' हे सासूबाईंचे वाक्य मी जणू निदान म्हणूनच स्वीकारले होते. अखेरीस एकदा तो पत्नीला न्यायला आला असता मी संकोच बाजूला ठेवून वीर्यतपासणी सुचविली. अहवालात शुक्राणूंची संख्या दर मिलिलिटरला अवघी २० लाख होती. तो फौंड्रीत भट्टीपाशी काम करीत होता आणि दिवसाला तंबाखूच्या चार-पाच पुड्या संपवीत होता. पंधरा महिने मी शेताची मशागत करीत होते; बियाण्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या चिकित्सालयात एक नियम आहे. अपत्यप्राप्तीसाठी येणाऱ्या रुग्णासमोर दोन खुर्च्या मांडलेल्या असतात आणि दुसरी खुर्ची रिकामी असेल तर औषधाची चिठ्ठी लिहिली जात नाही.

शास्त्राची भूमिका

हा नियम नवा नाही. तो आपल्या ग्रंथांतच आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात गर्भसंभवाची चार अंगे सांगितली आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. पिकाला जसे हंगाम, जमीन, पाणी आणि बियाणे लागते, तशी ही सामग्री आहे. यांतील बीज उभयतांचे आहे, हे आपण परीक्षेत लिहितो आणि व्यवहारात विसरतो.

चरकाचार्य तर अधिक स्पष्ट आहेत. शारीरस्थानाच्या आठव्या, म्हणजे जातिसूत्रीय अध्यायात गर्भाधानापूर्वीचे स्नेहन, स्वेदन, वमन, विरेचन, बस्ती हे उपक्रम त्यांनी स्त्री आणि पुरुष दोघांसाठी सांगितले आहेत. त्यानंतरचा आहारही दोघांचा वेगवेगळा दिला आहे. पुरुषाला मधुर द्रव्यांनी संस्कारित तूप व दूध, स्त्रीला तेल व उडीद. म्हणजे शास्त्र दोघांना एकत्र बसविते, दोघांची शुद्धी करते आणि दोघांच्या ताटात काय असावे हेही सांगते. पतीला घरी ठेवून केवळ पत्नीला औषध देण्याची प्रथा आपली आहे, शास्त्राची नव्हे.

आधुनिक निरीक्षणही याच दिशेचे आहे. सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील कारण एकटे अथवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी सुमारे एकीला आयुष्यात केव्हा तरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. प्रश्न एवढा व्यापक असताना त्याची अर्धी बाजू न तपासता चिकित्सा करणे कितपत योग्य, याचा विचार प्रत्येकाने करावा.

पहिल्या भेटीत काय पाहावे

नाडी, जिव्हा, मल, मूत्र, प्रकृती यांच्या परीक्षणाबरोबर पुढील गोष्टींची नोंद पहिल्याच भेटीत व्हावी असे मी सुचवीन. दोघांची वये. विवाहाला नव्हे, तर गर्भधारणेचा प्रयत्न सुरू होऊन किती महिने झाले. नोकरीमुळे उभयता एकत्र किती दिवस असतात. मागील सहा पाळ्यांच्या तारखा. दोघांचे वजन व उंची. दोघांची व्यसने, झोपेच्या वेळा आणि कामाचे स्वरूप. पुरुषाला लहानपणी गालगुंड, वृषणाला मार, हर्नियाची शस्त्रक्रिया असे काही झाले होते का. स्त्रीला अथवा घरात कोणाला क्षयरोग झाला होता का. कारण आपल्या देशात जननमार्गाचा क्षय हे गर्भनलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे.

तपासण्यांमध्ये स्त्रीचे रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड व साखर आणि पुरुषाची वीर्यतपासणी या तालुक्याच्या गावीही होऊ शकणाऱ्या आहेत. वीर्यतपासणीपूर्वी दोन ते सात दिवसांचे ब्रह्मचर्य आवश्यक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एका वेळच्या एकूण वीर्यात ३ कोटी ९० लाख आणि एकूण हालचाल ४२ टक्के या किमान संदर्भमर्यादा आहेत. या आकड्यांच्या वर असलेला पुरुष निश्चितपणे प्रजननक्षम आणि खाली असलेला निश्चितपणे अक्षम असा त्याचा अर्थ नाही. अहवाल सदोष आल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. नुकताच येऊन गेलेला मोठा तापही संख्या तात्पुरती खाली आणतो.

तीन महिन्यांचा हिशेब

आहार-विहाराचा परिणाम किती दिवसांत अपेक्षावा, हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. सुश्रुताचार्यांनी आहाररसापासून शुक्र व आर्तव निर्माण होण्यास सुमारे एक मास लागतो असे सांगितले आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानुसार वृषणात एक शुक्राणू घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढे अधिवृषणातून पक्व होऊन येण्यास आणखी काही दिवस जातात. या दोन गणना मी ओढून-ताणून एक करू इच्छित नाही. दोन्हींचे तात्पर्य मात्र समान आहे : आज खाल्लेले अन्न आणि आज सोडलेली तंबाखू यांचे फळ आज मिळत नाही. म्हणून मी दांपत्याला तीन महिन्यांची मुदत देते आणि वीर्यतपासणीची पुनरावृत्तीही तीन महिन्यांनीच करविते. आठ दिवस पथ्य पाळून 'काही फरक नाही' म्हणणाऱ्या पतीला हा हिशेब कागदावर मांडून दाखविला की त्याला तो पटतो.

या तीन महिन्यांत जर शोधन करावयाचे असेल, तर त्या काळात गर्भधारणा टाळण्याची सूचना स्पष्ट द्यावी. विरेचन किंवा तीक्ष्ण औषध चालू असताना गर्भ राहणे इष्ट नाही.

ऋतुकाल

ऋतुकालाविषयी रुग्णांमध्ये अनेक गैरसमज आहेत. सुश्रुताचार्यांनी तो बारा रात्रींचा सांगितला आहे आणि दिवस मावळल्यावर मिटणाऱ्या कमळाची उपमा देऊन त्यानंतर योनी बीजाचा स्वीकार करीत नाही असे म्हटले आहे. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या विल्कॉक्स व सहकाऱ्यांच्या अभ्यासात गर्भधारणेस योग्य दिवस बीजोत्सर्गाच्या दिवसासह त्याआधीचे पाच, असे सहा आढळले. शुक्राणू स्त्रीशरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतो. स्त्रीबीज मात्र एका दिवसाहून अधिक टिकत नाही.

व्यवहारात सांगावयाचे ते एवढेच. बीजोत्सर्ग पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी होतो. त्यामुळे २८ दिवसांचे चक्र असेल तर दहाव्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत, ३२ दिवसांचे असेल तर साधारण चौदाव्यापासून विसाव्यापर्यंत एक दिवसाआड समागम पुरेसा होतो. सर्वच स्त्रियांना 'चौदावा दिवस' सांगणे चुकीचे आहे. पती पुण्या-मुंबईत आणि पत्नी गावी अशी अनेक जोडपी आपल्याकडे येतात. त्यांच्या बाबतीत कित्येकदा औषधापेक्षा रजेची तारीख बदलणे अधिक उपयोगी पडते.

आहार : एकच तक्ता सर्वांना नको

अपत्यासाठी आलेली स्त्री दिसली की दूध, तूप, खारीक, बदाम आणि शतावरी असा बृंहणाचा साचा आपल्या हातून लिहिला जातो. परंतु आज आपल्यासमोर दोन अगदी भिन्न प्रकारच्या स्त्रिया येत आहेत.

पहिली कृश व रक्ताल्प. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. ही स्त्री घरात सर्वांच्या शेवटी जेवते. वरणाचा तळाचा भाग, उरलेली भाकरी आणि वर दोन कप चहा असे तिचे जेवण असते. त्यात अपत्यासाठी केलेल्या व्रतांची भर पडते. सोमवार, संकष्टी, एकादशी असे उपवास धरून आठवड्यातील दोन-तीन दिवस साबुदाण्यावर आणि चहावर जातात. श्रद्धेचा अवमान न करता मी तिला सांगते की क्षेत्राला उपाशी ठेवून पीक मागू नये. देवाला नामस्मरण आणि एक वेळचे फराळ सोडणे पुरे आहे. बहुधा सासूबाई समोर असतानाच हे सांगते, कारण घरातील ताट त्यांच्या हातात असते.

अशा स्त्रीला प्रथम अग्नी सुधारून मग बृंहण द्यावे. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मुगाचे घट्ट वरण, पचत असेल तर उडदाचे घुटे, मेथी, शेपू, राजगिरा, शेवगा अशा पालेभाज्या, तिळाची चटणी, साजूक तूप आणि रोज एक आवळा किंवा लिंबाची फोड. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह शोषले जात नाही, आवळा-लिंबाने ते अधिक शोषले जाते; एवढी एक गोष्ट जरी तिने पाळली तरी लाभ होतो. मांसाहारी कुटुंबात अंडी आणि किनारपट्टीवर बांगडा, तारली हे स्वस्त व उत्तम अन्न आहे. मात्र हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर केवळ आहारावर विसंबू नये. लोहाची योग्य मात्रा द्यावी.

दुसरी स्त्री स्थूल, पाळी दोन-तीन महिन्यांनी येणारी, हनुवटीवर केस, मानेवर काळेपणा असलेली. सोनोग्राफीचा अहवाल 'पीसीओएस' असा असतो. येथे मेद व कफाने मार्गावरोध झालेला आहे. तिला दूध, तूप, सुका मेवा यांचे बृंहण देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. माझ्या पाहण्यात अशी एक रुग्ण आली, जी कोणाच्या तरी सांगण्यावरून दोन वेळा दुधातून दोन-दोन चमचे शतावरी कल्प सहा महिने घेत होती. शतावरी उत्तमच, पण बाजारातील कल्पात साखरेचे प्रमाण सर्वाधिक असते. तिच्या पोटात औषधाच्या नावाने साखर जात होती. शतावरी द्यावयाचीच असेल तर चूर्ण वा क्वाथ स्वरूपात द्यावी.

या स्त्रीसाठी अपतर्पण हेच वाजीकरण आहे. वजनात पाच ते दहा टक्के घट झाली तरी अनेकींमध्ये बीजोत्सर्ग पुन्हा सुरू होतो, हे आता सर्वमान्य आहे. ७० किलोंच्या स्त्रीला साडेतीन किलो हे पहिले उद्दिष्ट दिले की ते तिला आवाक्यातील वाटते. रात्रीचे जेवण लवकर व हलके, भातापेक्षा ज्वारी, प्रत्येक जेवणात कडधान्य अथवा डाळ, ताक, भाजी भरपूर, बेकरीची खारी-बिस्किटे आणि फरसाण पूर्ण बंद. रोज पाऊण तास झपाझप चालणे. पुण्यातील माहिती-तंत्रज्ञान कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या एका मुलीला मी औषध फारसे दिलेच नाही. तिने दिवसपाळी मागून घेतली, जेवणाच्या वेळा बांधल्या, साडेचार किलो वजन उतरविले आणि पाचव्या महिन्यापासून पाळी नियमित झाली. पुढे तिला गर्भ राहिला. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही; पण ज्याने मूळ कारण दूर होते त्याला आपण निदानपरिवर्जन म्हणतो, आणि तीच चिकित्सेची पहिली पायरी आहे.

स्निग्ध पदार्थांविषयी एक टिपण द्यावेसे वाटते. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातील १७ हजारांहून अधिक स्त्रियांच्या आहाराचे विश्लेषण २००७ साली प्रसिद्ध झाले. ट्रान्स फॅटचे, म्हणजे वनस्पती तूप व तत्सम पदार्थांतील स्निग्धांशाचे, प्रमाण अधिक असलेल्यांत बीजोत्सर्गाच्या दोषामुळे येणारे वंध्यत्व अधिक दिसले. डाळी-कडधान्यांसारखी वनस्पतिजन्य प्रथिने अधिक घेणाऱ्यांत ते कमी दिसले आणि साय न काढलेल्या दुधाचे पदार्थ अल्प प्रमाणात घेणाऱ्यांतही कमी दिसले. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, आणि त्या स्त्रिया आपल्याकडील नाहीत. तरीही वरण-भाकरी-ताकाच्या आपल्या ताटाला ते प्रतिकूल नाही, हे लक्षात घ्यावे. आपल्या देशात २०२२ पासून स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. पण वडे-भजी तळून पुनःपुन्हा तापविलेल्या तेलापासून रुग्णाला दूर ठेवण्याचे काम आपल्याकडेच राहते.

फॉलिक आम्लाविषयी काही वैद्य उदासीन असतात. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. म्हणजे बहुतेकींना पाळी चुकल्याचे कळते न कळते तोच ही घडी होऊन गेलेली असते. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने फॉलिक आम्लाने हे व्यंग मोठ्या प्रमाणात टळते हे सिद्ध केले. म्हणून गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून तीन महिन्यांपर्यंत दररोज ४०० मायक्रोग्रॅम द्यावे. पालेभाज्या आहेत म्हणून गोळी नको, असा हट्ट आयुर्वेदाच्या नावावर कोणी धरू नये. शाकाहारी दांपत्यात ब १२ जीवनसत्त्वाची पातळीही तपासावी.

विहार : प्रामुख्याने पतीसाठी

पुरुषाच्या बाबतीत आहारापेक्षा विहाराचे दोष अधिक सापडतात. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असणे शुक्रनिर्मितीस आवश्यक असते. भट्टी, बेकरी, बॉयलर यांपाशी काम करणारे, दिवसभर इंजिनाच्या उष्णतेवर बसणारे चालक, मांडीवर लॅपटॉप ठेवणारे तरुण, या सर्वांना हे सांगावे. काम सोडता येत नाही. पण मधल्या सुटीत उष्णतेपासून दूर बसणे, सैल सुती अंतर्वस्त्रे, कढत पाण्याच्या टबात न बसणे आणि शक्य तर काही महिन्यांपुरती विभाग बदलून घेणे शक्य असते.

तंबाखू, गुटखा, विडी आणि मद्य यांविषयी गुळमुळीत बोलू नये. 'कमी करा' असे सांगितले की रुग्ण चारच्या तीन पुड्या करतो. तारीख ठरवून पूर्ण बंद करावयास सांगावे. स्त्रियांना मिश्रीविषयी आवर्जून विचारावे. मिश्री ही तंबाखूच आहे, हे अनेकींच्या मनात येत नाही.

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना इंजेक्शने अथवा 'पावडरी'विषयी एकांतात विचारावे. शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनसदृश स्टेरॉइड्स वृषणातील शुक्रनिर्मिती बंद पाडतात. पिळदार दंडाच्या तरुणाचा अहवाल शून्य आला की घरचे चकित होतात. औषध थांबविल्यावर बहुधा सुधारणा होते, परंतु तीस अनेक महिने लागू शकतात.

रात्री जागरण आणि दिवसा निद्रा हे दोघांनाही वर्ज्य सांगावे. रात्रपाळी अटळ असेल तर किमान झोपेची वेळ रोज एकच असावी. व्यायाम अर्धशक्तीनेच करावा. अति व्यायाम व अति लंघन यांमुळे कृश मुलींची पाळी थांबते, हेही आपण पाहतो.

सौमनस्य

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रहात गर्भधारणेच्या साधनांमध्ये मनाच्या प्रसन्नतेस श्रेष्ठ स्थान दिले आहे. याचा अर्थ आपण रुग्णेला 'टेन्शन घेऊ नका' असे सांगून मोकळे व्हावे, असा नाही. ज्या घरात दर महिन्याला पाळी आली की चेहरे पडतात, ओटीभरणाच्या वेळी तिला मागे उभे केले जाते, आणि लग्नकार्यात प्रत्येक नातेवाईक 'अजून काही नाही?' असे विचारतो, तेथे प्रसन्नता केवळ तिच्या इच्छेवर अवलंबून नसते. सौमनस्याचे औषध पत्नीपेक्षा पतीला आणि सासूबाईंना अधिक द्यावे लागते. पतीचा अहवाल सदोष असेल तर घरात दोष पत्नीच्या माथी जाऊ नये म्हणून तो काय सांगणार आहे, हेही मी त्याला त्याच बैठकीत विचारते.

औषधविक्रेत्या बंधूंस

आपल्या दुकानात वैद्याच्या आधी रुग्ण येतो, म्हणून चार गोष्टी विनंतीपूर्वक मांडते.

पाळी लांबली म्हणून रजःप्रवर्तनी वटी अथवा कुमारी आसव मागावयास येणाऱ्या विवाहित स्त्रीला प्रथम गर्भधारणेची तपासणी करावयास सांगावे. जे अपत्य ती वर्षानुवर्षे मागत आहे, त्यालाच या औषधाने अपाय होऊ शकतो.

नाव, घटकद्रव्ये, परवाना क्रमांक नसलेल्या गोळ्या आणि भस्मे विकू नयेत. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतात बनलेली आयुर्वेदिक म्हणविणारी औषधे घेणाऱ्या सहा गर्भवतींच्या रक्तात शिसे आढळले, ही घटना आपल्या सर्वांनाच खाली मान घालावयास लावणारी आहे. शिसे गर्भालाही पोहोचते.

स्त्रियांचे वंध्यत्व बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे. हमीचे फलक काढून टाकावेत.

आणि मुलगाच होण्याचे औषध कोणी मागितल्यास ते देऊ नये, सुचवूही नये. अपत्याचे लिंग पित्याच्या शुक्राणूने ठरते. शिवाय गर्भलिंगनिवडीस बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याची व्याप्ती २००३ पासून गर्भधारणेपूर्वीच्या उपायांपर्यंत वाढविण्यात आली आहे. हाच निर्बंध आपणा वैद्यांनाही तितकाच लागू आहे.

मुदत

आहार-विहाराने बंद गर्भनलिका उघडत नाही. शुक्राणू मुळीच नसतील तर दूध-तुपाने ते निर्माण होत नाहीत. या मर्यादा सांगितल्याने आयुर्वेदास कमीपणा येत नाही. न सांगितल्याने रुग्णाचे वय जाते. स्त्रीचे वय ३५ च्या आत असेल तर एक वर्षाच्या प्रयत्नानंतर, ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतर आणि चाळिशीत असेल तर विलंब न करता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पाळी अतिशय अनियमित असणे, नलिकेचा वा क्षयाचा संशय, सदोष वीर्य-अहवाल या स्थितींत वाट पाहू नये. तेथे पाठविल्यावरही आहार-विहार आपणच सांभाळू शकतो. दोन्ही उपचार परस्परविरोधी नाहीत.

आरंभी सांगितलेल्या दांपत्याविषयी लिहून थांबते. पतीने तंबाखू सोडली, भट्टीवरून त्याची बदली झाली आणि सहा महिन्यांत त्याची संख्या २० लाखांवरून ७० लाखांवर गेली. तोपर्यंत पत्नीने ३६ ओलांडली होती. तज्ज्ञांकडे दोन वेळा प्रयत्न झाले, दोन्ही निष्फळ ठरले. पैसे आणि उमेद संपल्यावर त्यांनी थांबावयाचे ठरविले. ती बाई आजही सर्दी-खोकल्यासाठी माझ्याकडे येते, शेतातील शेवग्याच्या शेंगा आणून देते. तिने मला कधी दोष दिला नाही. वेळीच तपासणी झाली असती तर अपत्य झालेच असते असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु तिच्या वयातील ते पंधरा महिने माझ्या चिठ्ठ्यांवर खर्च झाले, एवढे मात्र खरे.

म्हणून वैद्य बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. पुढील वेळी एखादी स्त्री अपत्यासाठी आपल्यासमोर एकटी येऊन बसली, तर फलघृत लिहिण्यापूर्वी दुसरी खुर्ची पुढे ओढावी आणि विचारावे, 'यजमान कुठे आहेत?'